मुरब्याची रेकॉर्ड

धर्मेशचा मेसेज आला तेव्हा विश्राम सावे चहात बटर बुडवत होता. मेसेज वाचून होईपर्यंत बटरचा भिजलेला तुकडा कपात गळून पडला आणि तळाशी जाऊन बसला, पण विश्रामने तो चमच्याने काढलासुद्धा नाही. मेसेजमध्ये एका रेकॉर्डचा, विश्रामनेच कधीतरी धर्मेशला पाठवलेला फोटो होता. लाल लेबलाची, छोटी, मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांची. खाली धर्मेशने त्याच्या पालघरी मराठीत लिहिलं होतं, 'ही तुझ्याकडे हाय ना? पुण्याची पार्टी दीड लाख बोलते. कोणाला दाखवू नको.' विश्रामने मेसेज पुन्हा वाचला, उठला आणि आधी घराचं दार लावून घेतलं. सरावलीतल्या त्या बिल्डिंगमध्ये तो राहायला आल्यापासून सकाळच्या वेळी हे दार कधी लागलं नव्हतं. समोरच्यांचं पेपर वाचणं, खालच्यांचा मिक्सर, कुणाच्या तरी पोराचे पाढे असं सगळं त्या दारातून आत यायचं. आता एकदम शांत झालं आणि त्या शांततेत त्याला स्वतःच्या घराची भीती वाटू लागली. दीड लाखाची वस्तू शोकेसमध्ये, काचेमागे, कुणालाही दिसेल अशी. परवा सिलिंडर घेऊन आलेला माणूस शोकेसकडे बघत होता. बघत होता की नुसता घाम पुसत होता? विश्रामला आठवेना. तो तिथंच उभा राहून त्या माणसाची मान कुठल्या बाजूला वळली होती ते आठवत राहिला, आणि कंपनीची बस चुकली.

रिक्षाने जाताना तो पहिल्यांदाच श्रीमंत माणसासारखा बसला होता, म्हणजे आखडून. एमआयडीसीच्या वळणावर नेहमीचा आंबूस, नाकाच्या शेंड्याला चावणारा वास आला आणि त्याच्या मनात आलं, हा वास रेकॉर्डच्या खाचांत शिरत असेल का? तो रंगाच्या कारखान्यात तपासणी विभागात होता. अमुक निळा कालच्या निळ्याशी जुळतो की नाही हे बघण्यात त्याची उमर गेली होती, आणि जगातल्या बहुतेक गोष्टी कालच्यासारख्याच असतात असं त्याचं मत झालं होतं. आज तसं नव्हतं. प्रयोगशाळेतल्या निमेशने सहज विचारलं, "सावेसाहेब, आज उशीर? आणि गप्प गप्प?" तेव्हा विश्रामला वाटलं, याला कळलंय. "काही नाही, पोट," तो म्हणाला. खोटं बोलण्याची सवय नसल्यामुळे त्याने पोटावर हातही ठेवला, आणि मग दिवसभर त्याला ताक प्यावं लागलं.

खरं म्हणजे ती रेकॉर्ड त्याने पैशासाठी घेतलीच नव्हती. त्याने कुठलीच तशी घेतली नव्हती. लहानपणी माकुणसारला कुणाच्याही घरी लग्न असलं की केळव्याहून एक माणूस सायकलला भोंगा बांधून यायचा. त्याच्याजवळ पत्र्याची पेटी असायची आणि पेटीत रेकॉर्डी. तो कुणालाही हात लावू द्यायचा नाही, नवरदेवालासुद्धा. विश्राम मांडवातल्या जेवणाची पंगत सोडून त्या पेटीजवळ बसायचा. अक्षरं यायच्या आधी त्याला लेबलांचे रंग यायला लागले होते. पुढे नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून त्याने एक रेकॉर्ड घेतली तेव्हा त्याच्याकडे वाजवायचं मशीन नव्हतं. दिव्याखाली तिरकी धरून तो नुसती बघायचा. काळ्या चकतीवरून उजेड असा वळसा घेत जायचा की वाजवण्याची गरजच वाटायची नाही. लग्नानंतर हे बघून दीपाने विचारलं होतं, "हे काय करताय?" आणि तो "ऐकतोय," म्हणाला होता. त्या एका उत्तरावर दीपाने संसाराची पुढची सगळी वर्षं त्याला फार काही विचारलं नाही. मग मशीन आलं, माळा भरला, शोकेस आलं. ही लाल लेबलाची रेकॉर्ड बोईसरच्या एका भंगाराच्या दुकानात पितळी नळांच्या ढिगाखाली सापडली होती. "थाली है साब, ले जाओ," दुकानदार म्हणाला होता. लेबलावर छापलं होतं, 'लग्नातील धवले. सौ. नर्मदा तामोरे आणि पार्टी, मुरबे.' धवले म्हणजे लग्नात बायका म्हणतात ती गाणी. कंपनी मुंबईची कुठलीशी, दोन-तीन वर्षांत बुडालेली. विश्रामने ती पुसली, एकदा वाजवली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि लेबल पुढे येईल अशी ठेवून दिली.

संध्याकाळी त्याने दीपाला सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण कपाटाची किल्ली तिच्याकडे होती. दीड लाख हा आकडा ऐकून दीपा थोडा वेळ शोकेसकडे बघत राहिली. त्या रेकॉर्डवरची धूळ आपण आजवर फडक्याने कशी झटकत होतो हे आठवून ती मनातून हादरली असावी. मग तिने ती रेकॉर्ड दोन्ही हातांनी उचलून, दागिन्यांचा डबा बाजूला सारून, साडीच्या घडीत ठेवली. "बाथरूमच्या लाद्या," ती म्हणाली. एवढंच. रात्रीच्या जेवणापर्यंत तिने लाद्यांचा रंगसुद्धा ठरवला होता, आणि माळ्यावरच्या बाकीच्या रेकॉर्डींकडे ती आता अशा नजरेने बघत होती की विश्रामला त्यांची काळजी वाटू लागली.

धर्मेश पालघरला घड्याळांचं दुकान चालवायचा आणि दुकानाच्या मागच्या भागात जुन्या वस्तूंची देवाणघेवाण करायचा. त्याचा फोन आला. "पार्टी दाताचा डॉक्टर हाय. शौकीन माणूस. पण त्याला माहिती पायजे. ही बाई कोण, कुठली, हाय की गेली. आणि ही एकच पीस हाय असं पक्कं पायजे."

"गेली असली तर?"

"तर चांगलंच. गेलेल्या माणसाची रेकॉर्ड वर जाते रे. तू मुरब्याला जाऊन ये ना. बाजूलाच तर हाय तुझ्या."

बाजूलाच होतं. भंगारातून ती रेकॉर्ड घेतल्यापासून ते बाजूलाच होतं, आणि विश्राम एकदाही गेला नव्हता. लेबलावरचं 'मुरबे' त्याने इतक्या वेळा वाचलं होतं की ते त्याला गावाचं नाव वाटेनासं झालं होतं. कारखान्याच्या सुट्टीला तो स्कूटर काढून निघाला. डिकीत त्याने बॅटरीवर चालणारं बॅगेसारखं छोटं मशीन ठेवलं होतं. जुन्या घरांतून रेकॉर्डी घ्यायला जाताना तपासायला तो ते नेहमी नेत असे. कुंभवलीच्या पुढे वारा खारट झाला. स्कूटरवर बसल्या बसल्या आपण एका बाईच्या मरणाची आशा करतो आहोत हे त्याच्या लक्षात आलं. त्याने ती आशा लगेच सोडली. जरा पुढे गेल्यावर ती परत येऊन त्याच्या मागे बसली. आजारी असली तरी चालेल, असा एक मधला मार्गही सुचला. मग त्याला इतकी लाज वाटली की त्याने विनाकारण हॉर्न वाजवला, आणि रस्त्याच्या कडेने डोक्यावर टोपली घेऊन चाललेल्या बाईने थांबून त्याला शिव्या दिल्या. शिव्या खाऊन त्याला बरं वाटलं.

मुरब्यात नाव सांगताच एकाने हाताने दाखवलं, "ती काय, वाळवणाकडं." समुद्राच्या बाजूला घरासमोर बांबू उभे-आडवे बांधून त्यांवर बोंबील सुकत घातले होते, जोडीजोडीने, शेपट्या खाली. आणि त्या बांबूंच्या मध्येमध्ये जाळ्याच्या दोरीने लटकत, वाऱ्यावर गरगर फिरत, उन्हात चमकत, काळ्या चकत्या होत्या. विश्रामने स्कूटर स्टँडवर लावली की नाही हे त्याला नंतर आठवलं नाही. तो चालत पुढे गेला. चकती फिरली, पाठ दाखवली, पुन्हा फिरली. लाल लेबल. दुसरी फिरली. लाल लेबल. एकीवर कावळ्याची विष्ठा वाळली होती आणि तिच्याखाली 'आणि पार्टी' एवढंच वाचता येत होतं.

"कोन पायजे तुमाला?" मागून आवाज आला.

म्हातारी काटक होती, कमरेला पदर खोचलेला, हातात बोंबलांची टोपली.

"नर्मदाबाई तामोरे?"

"मीच ती. का, मेली म्हनून सांगितलं का कोनी?"

"नाही नाही," विश्राम म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. "मी सावे. माकुणसारचा. सरावलीला राहतो. मावशी, ह्या... ह्या इथं का लावल्यात?"

"कावळ्यांना. काळं, फिरतं, चमकतं. कावळा येत नाय." तिने त्याच्याकडे, याला एवढं साधं कळत नाही का, अशा नजरेने पाहिलं. "सुनेनं मदी सीड्या लावलेल्या. सीडीला कावळा भीत नाय. येतो आनि तोंड बगत बसतो त्यात."

सून सुगंधा दारात येऊन उभी राहिली होती. "खरंच बसतो," ती म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं, अगदी सहज. नर्मदाबाई बावीस वर्षांची होती तेव्हा मुंबईचा एक माणूस सातपाटीच्या लग्नाला आला होता, त्याने तिचं गाणं ऐकलं आणि पार्टीला मुंबईला नेलं. पैसे देतो म्हणाला होता. पैशाच्या जागी दोन खोकी भरून ह्या दिल्या. एक खोकं गावच्या लग्नांत आहेर म्हणून गेलं. काही पोरांनी समुद्रावर फेकून फेकून पाण्यावर उडवल्या. एक बहुतेक सुगंधाच्या भावाने बोईसरच्या भंगारवाल्याला नळांबरोबर दिली. हे ऐकून विश्रामला आपण एखाद्या पिकनिकला आलेल्या माणसासारखे मधोमध उभे आहोत असं वाटलं. "आनि बाकीच्या पेटीत हायत," नर्मदाबाई म्हणाली.

"बाकीच्या?"

तिने त्याला घरात नेलं. कोनाड्याखाली लाकडी पेटी होती, तिच्यावर गोधड्या. गोधड्या काढल्या, झाकण उघडलं. आत कागदी पाकिटांत, एकमेकींना चिकटून, उभ्या रांगेत त्या बसल्या होत्या. विश्रामने एक काढली. सवयीने त्याने ती दाराच्या उजेडात तिरकी धरली. तिच्यावर एक रेघ नव्हती, एक बोट नव्हतं. जन्मात सुई न लागलेली रेकॉर्ड. त्याच्या स्वतःच्या रेकॉर्डवर नळाने ओढलेला एक ओरखडा होता. म्हणजे साडीच्या घडीत, दागिन्यांशेजारी निजलेली ती रेकॉर्ड या सगळ्या रेकॉर्डींमध्ये सर्वांत वाईट होती, कावळ्यांच्या सोडल्या तर. हा विचार त्याच्या डोक्यात नीट उतरेपर्यंत दीपाने निवडलेल्या फिकट हिरव्या लाद्या एकेक करून पडताना त्याला ऐकू आल्या.

त्याच्या मनाने मग जे केलं त्याचं त्याला आश्चर्य वाटलं. त्याचं मन नेहमी सावकाश चालायचं, आज ते चोराच्या पावलांनी भराभर चाललं. पेटी विकत घ्यायची. स्कूटरला दोन फेऱ्या. घरी नेऊन काय करायचं? ठेवता येणार नाहीत, कधी तरी कुणी तरी बघणार. मग? खाडीच्या पुलावरून जाताना संध्याकाळी... त्याला स्पष्ट दिसलं, आपण पुलावर उभे आहोत आणि एकेक रेकॉर्ड पाण्यात सोडतो आहोत, आणि प्रत्येक सोडताना सवयीने तिरकी धरून बघतो आहोत. रेकॉर्डवर बोट उमटलं तर रात्र रात्र झोप न येणारा माणूस.

"मावशी, यांतल्या मला द्याल? सगळ्या. काय हवं ते सांगा."

"पेटी नाय देनार. माझ्या लग्नातली हाय."

"पेटी नको. आतलं."

"आतलं घेऊन काय करशील?"

विश्रामने तोंड उघडलं. पुलावरचा माणूस अजून त्याच्या डोळ्यांसमोर होता. "संग्रह," तो म्हणाला.

"म्हंजे?"

"म्हणजे जमवून ठेवायच्या."

"मंग आमीपन जमवूनच ठेवल्यात की," नर्मदाबाई म्हणाली आणि तिने झाकणावर हात ठेवला. थोडा वेळ तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "तू ऐकतोस ह्या? वाजवतोस?"

"हो."

"मशीन हाय तुज्याकडं?"

"आहे. डिकीत," विश्राम म्हणाला, आणि म्हणून गेल्यावर त्याला कळलं की म्हणायला नको होतं.

कारण ती एकदम खाली बसली. "मी नाय ऐकली कदी," ती म्हणाली. "तेव्हा मशीन कोनाकडं? एकदा तारापूरला एकाकडं हाय म्हनून गेलो, तर त्याचं बंद. मंग पोरं झाली, बोट घेतली, राहूनच गेलं. काचेच्या खोलीत बसवलेलं आमाला. मुंबैचा मानूस बोलला, खोकायचं नाय, बांगड्या काढा. बांगड्या कशा काढनार? मंग फडकी गुंडाळली बांगड्यांना." सुगंधाने हे कधीच ऐकलं नव्हतं असं तिच्या तोंडावरून दिसत होतं. ती पळत शेजारी सांगायला गेली.

मशीन ओटीवर ठेवलं. शेजारच्या बाया ओल्या हातांनी आल्या, मासळीच्या वासासकट, आणि भिंतीला टेकून बसल्या. विश्रामने पेटीतली एक कोरी रेकॉर्ड मशीनवर ठेवली. जन्मात सुई न लागलेल्या रेकॉर्डवर पहिली सुई ठेवणं त्याच्या मते एक गंभीर गोष्ट होती आणि त्यासाठी शांतता हवी होती, पण एक बाई मध्येच "चालू झाली का?" म्हणाली आणि दुसरी "गप गं" म्हणाली. मग खरखर आली आणि खरखरीतून एक तरुण, धारदार, जरा घाबरलेला आवाज वर आला. मागून पार्टीने ओळ उचलली. नर्मदाबाई हलली नाही. तिने मशीनकडे न बघता विश्रामकडे बघितलं, जणू तो आवाज त्यानेच काढला होता. "घाई केली," ती हळूच म्हणाली. "बग, तिथं श्वास घ्यायला पायजे होता." पहिली बाजू संपली. त्याने रेकॉर्ड उलटली.

दुसऱ्या बाजूला, नवरीला हळद लावायच्या गाण्यात, तिसऱ्या कडव्यानंतर पार्टी एका क्षणासाठी थांबते आणि त्या फटीत कुणीतरी हसतं. दाबलेलं, नाकातून फुटलेलं, मग हाताने बंद केलेलं हसू. विश्रामला ते माहीत होतं. फोनवर धर्मेशला माल कसा आहे हे सांगताना त्याने प्रामाणिकपणे सांगितलं होतं, 'दुसऱ्या बाजूला दोष आहे, मध्येच आवाज येतो,' आणि दाताच्या डॉक्टरने त्या दोषाचे दहा हजार कमी करायला सांगितले होते.

"ठमी!" नर्मदाबाई ओरडली. "थांबव! थांबव! ठमी हाय ती!"

विश्रामने सुई उचलली.

"माझी नणंद," ती म्हणाली. तिचे दोन्ही हात तोंडावर गेले होते. "मुंबैचा मानूस काचेमागं नाक खाजवत होता. तिला हसू आलं. मी चिमटा काढला तिला. बोलला परत नाय करायचं, टेप महाग हाय. तशीच ठेवली." मग सुगंधाकडे वळून म्हणाली, "तुज्या नवऱ्याची आत्या. तू नाय बगितली. कावीळ झाली नि गेली, लगीन ठरलेलं. फोटोपन नाय तिचा." आणि विश्रामला, हुकूम केल्यासारखं, "परत लाव. गानं राहू दे. तेवडंच लाव."

विश्रामने सुई उचलून त्या फटीच्या जागी ठेवली. हसू. पुन्हा उचलली. पुन्हा हसू. अशी सुई एकाच जागी आपटत राहणं म्हणजे रेकॉर्डचा खून, हे त्याने आजवर कितीतरी लोकांना समजावून सांगितलं होतं. कधी सुई आधी पडायची, कधी उशिरा, आणि दर वेळी बाया श्वास धरून बसायच्या आणि ते हसू आलं की सगळ्या मिळून हसायच्या. भिंतीजवळच्या एका म्हातारीने डोळे पुसले आणि लगेच म्हणाली, "तशीच हसायची मेली. भटाच्या तोंडावर हसायची."

मग सुगंधाला शंका आली. "सगळ्यांत हेच हाय, का पुढचं बी हाय कशात?" विश्रामने समजावलं की सगळ्या सारख्याच असतात, एकीच्या दुसऱ्या निघतात. पण हे त्या ओटीवर कुणाला पटलं नाही. पेटीतल्या दोन-तीन वाजवून झाल्या, प्रत्येकीत ठमी हसली. तेव्हा एक बाई म्हणाली, बाहेरच्या बगा. दोघी उठल्या आणि कोयत्याने दोऱ्या कापून वाळवणावरच्या सगळ्या रेकॉर्डी घेऊन आल्या. उन्हाने त्या पापडासारख्या वाकल्या होत्या. "ह्या नाही वाजणार," विश्राम म्हणाला. "लाव तर," नर्मदाबाई म्हणाली. त्याने लावली. सुई वर-खाली होडीसारखी जाऊ लागली आणि बावीस वर्षांची नर्मदा चक्क दारू प्यालेल्या माणसाच्या आवाजात नवरीला हळद लावू लागली. बाया एकमेकींच्या अंगावर पडल्या. नर्मदाबाई मांडीवर हात मारून खोकेपर्यंत हसली. आणि त्याच वेळी बाहेरून 'काव' असा एक आवाज आला, मग पुष्कळ.

"बोंबील!" सगळ्या ओरडल्या. पण उठलं कुणीच नाही, कारण दारू प्यालेली ठमी अजून यायची होती. नर्मदाबाईने विश्रामकडे बघितलं. "जा रे, तू जा. आमी लावतो हे. सुगंधा, कळलं ना तुला?"

विश्राम हेल्मेट घेऊन बाहेर धावला. कावळ्यांनी बांबू भरले होते. त्याने हेल्मेट फिरवलं. कावळे एका टोकावरून उठून दुसऱ्या टोकाला बसले. तो दुसऱ्या टोकाला गेला. त्याच्या शर्टाला घाम आला, पायात वाळू गेली, आणि खिशातला फोन वाजू लागला. धर्मेश होता.

"भेटली का? हाय का गेली?"

"आहे," विश्राम धापा टाकत म्हणाला. "चांगली आहे."

"अरेरे. बरं, काय हरकत नाय. फोटो काढ तिचा. आणि दुसरी पीस कुठं नाय ना?"

विश्राम थांबला. त्याने आतून दार लावल्यासारखं फोनवर हात धरला. एक 'नाही' म्हणायची गरज होती. खोटंसुद्धा नव्हतं धड, कारण ह्या रेकॉर्डी मुरब्याबाहेर कुणालाच माहीत नव्हत्या, आणि जे कुणाला माहीत नाही ते नाहीच असं धर्मेशच्या धंद्यात धरतात. ओटीवर सुगंधाने चुकून गती वाढवली असावी. नर्मदाबाईचा आवाज चिमणीसारखा भराभर धावत होता आणि बाया ओरडत होत्या, आली, आली, आता येईल.

"आहेत," विश्राम म्हणाला. "पेटी भरून आहेत. माझ्यापेक्षा चांगल्या."

पलीकडे बराच वेळ घड्याळांची टिकटिक ऐकू आली. "तू कोणाला बोललास?"

"तुला."

"मग मी नाय ऐकलं. आणि तू पण नाय बघितलं. कळलं?"

"डॉक्टरांना सांग," विश्राम म्हणाला, आणि आपण हे म्हणतो आहोत याचं त्याला खरोखर वाईट वाटत होतं, दातदुखीसारखं स्पष्ट वाईट, "सांग की पुष्कळ आहेत. आणि तो दोष आहे ना, तो सगळ्यांवर आहे. तो निघत नाही."

"दीड लाख रे, सावे!"

"हो ना," विश्राम म्हणाला. एवढ्या कळवळ्याने तो आयुष्यात कधी कुणाशी सहमत झाला नव्हता.

धर्मेशने फोन ठेवला. विश्रामने हिशेब करून बघितला, काय राहिलं. एक ओरखडा असलेली रेकॉर्ड राहिली, दीपाला घरी जाऊन सांगणं राहिलं, आणि बाथरूममध्ये जुन्या लाद्या राहिल्या, ज्यांतली एक पाय ठेवला की 'टक' वाजते.

"ए भाऊ!" नर्मदाबाई दारात आली होती, पदराने डोळे पुसत. "फोनवर काय बोलत बसलास? तो बग, नेला त्याने!"

एक कावळा बोंबलांची जोडीच चोचीत धरून किनाऱ्याकडे निघाला होता. जोडी त्याला जड होत होती आणि तो हवेत खाली-वर होत चालला होता. विश्राम हेल्मेट उगारून त्याच्या मागे वाळूतून धावत सुटला.